जागल्या ते होमगार्ड : राखणीचा इतिहास

आपल्या दिंडीला शंभर वर्षे पूर्ण झाली. या स्मरणिकेत वीणेकऱ्यांची, मृदंगमणींची, अन्नदात्यांची नावे येतील आणि ती आलीच पाहिजेत. संपादक मंडळींनी मला विचारलं, बुवा, तुम्ही कशावर लिहिता? मी म्हणालो, राखण करणाऱ्यांवर लिहितो. मुक्कामाला दिंडी झोपते तेव्हा राहुटीबाहेर कुणीतरी जागं असतं. इकडे मागे गाव झोपतं, तेव्हाही कुणीतरी बॅटरी घेऊन शिवेवर फिरत असतं. आपल्या दिंडीतली बरीच माणसं होमगार्डमध्ये होती, आजही आहेत. बरीच जण ग्रामसुरक्षा दलात गस्त घालतात. पोलीस नसून पोलिसाच्या बरोबरीने उभी राहणारी ही माणसं. त्यांच्या मागे किती जुनी परंपरा आहे आणि ती किती बदलत आली आहे, हे नव्या पोरांना ठाऊक व्हावं म्हणून हा लेख. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव फिरताना जे ऐकलं, जाणत्यांना विचारून जे पक्कं केलं, तेच लिहितो.

पूर्वी गावात पोलीस चौकी नव्हती. गावगाड्यात राखणीचं काम ठराविक घरांकडे होतं. कुठे रामोशी, कुठे बेरड, कुठे भिल्ल, आणि जवळजवळ सगळीकडे महार. रात्री गस्त घालायची, गावाची शीव राखायची, परका माणूस गावात आला तर पाटलाला वर्दी द्यायची, सरकारी वसूल निघाला तर त्याच्याबरोबर चालायचं. या कामाबद्दल थोडी जमीन, सुगीला बलुतं, रोजची भाकरी. चोरी झाली तर माग काढायचा. पावलाच्या खुणेवरून, जनावराच्या खुरावरून माग काढत काढत रामोशी शिवेपर्यंत जायचा. माग शिवेपार गेला की पुढच्या गावच्या जागल्याने तो आपल्या अंगावर घ्यायचा. आणि माग गावातच मुरला, चोर सापडला नाही, तर चोरीची भरपाई राखणदाराकडून मागायची अशीही रीत होती. म्हणजे चोरी कुणी का करेना, दंड जागणाऱ्याला.

या रीतीत एक मोठी खोट होती. राखण करायची की नाही, हे त्या माणसाला कुणी विचारत नव्हतं. ज्या घरात जन्म झाला त्या घराचं ते काम. अंगात ताप असो, घरात मयत असो, हाक आली की उठायचं. आणि ज्याच्या भरवशावर अख्खं गाव निर्धास्त झोपायचं, त्याचं घर मात्र गावकुसाबाहेर. आपण वारकरी माणसं, आपल्याला हे निराळं सांगायला नको. चोखोबाराय मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करता करता भिंत पडून गेले. गावाला राखणाऱ्या त्या भिंतीच्या आत त्यांना घर नव्हतं. त्यांची समाधी आपण महाद्वारासमोर बघतो. नामदेवरायाच्या पायरीवर डोकं ठेवताना तिकडेही हात जोडतो. पण ती भिंत कुणाची राखण करत होती आणि कुणाला बाहेर ठेवत होती, हा विचार किती जण करतात?

माऊलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला येते आणि तिथे दोन मुक्काम करते. त्या मुलखात पुरंदरचा किल्ला आहे. त्या किल्ल्याची राखण पिढ्यानपिढ्या रामोशी लोकांकडे होती. ती राखण आणि तिच्यावरची इनामं पुढे काढून घेतली गेली. राखणदाराची काठी हिसकावली की तो जाणार कुठे? त्याच पुरंदरच्या मुलखातल्या भिवडीचे उमाजी नाईक इंग्रजांवर उठले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी दिली. पुढे १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात जमातीच्या जमाती जन्मानेच चोर ठरवल्या. पोलिसाकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा जाच सुटला. आज आपल्या राज्यात रामोशी समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्यांच्या वाडवडलांनी गावं राखली, त्यांच्यावरच चोरीचा शिक्का बसला. राखणीच्या इतिहासातलं हे पान काळंच आहे, पण फाडून टाकता येत नाही.

इंग्रजांनी १८६७ साली मुंबई इलाख्यासाठी गाव पोलिसांचा कायदा केला. गावचा पाटील हा पोलिसांचा गावातला हात झाला आणि राखणीचे गावनोकर त्याच्या हाताखाली आले. काम तेच राहिलं, वर फक्त सरकारी शिक्का बसला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दल विधेयक आणलं. त्यांचं म्हणणं असं, की हे वतन म्हणजे चोवीस तासांची गुलामी आहे. वतनदार घरी नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला कामाला ओढतात, आणि बदल्यात मिळतं काय तर चतकोर. त्या वेळी ते विधेयक पार पडलं नाही. वतनं गेली ती कनिष्ठ गावनोकरांची वतनं रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्याने. पाटीलकीचं वतनही त्यानंतर थोड्याच वर्षांत गेलं. १९६७ साली महाराष्ट्र ग्राम पोलीस कायदा झाला आणि तेव्हापासून पोलीस पाटील हा नेमणुकीने होतो, घराण्याने होत नाही.

आता होमगार्डकडे येऊ. मराठीत त्याला गृहरक्षक दल म्हणतात, पण गावात सगळे होमगार्डच म्हणतात. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत हे दल उभं राहिलं. देशात तेव्हा ठिकठिकाणी दंगली पेटलेल्या. पोलीस अपुरे पडत होते. मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते, त्यांच्या पुढाकाराने हे काम झालं. कल्पना अशी, की आपला कामधंदा सांभाळून साध्या नागरिकाने कवायत शिकावी, आग विझवायला शिकावं, जखमीला उचलायला शिकावं आणि बोलावणं आलं की पोलिसाच्या शेजारी उभं राहावं. १९४७ साली त्याचा कायदा झाला. १९६२ साली चीनचं युद्ध झालं आणि त्यानंतर देशभर या दलाची नव्याने बांधणी झाली. ब्रीद ठेवलं ‘निष्काम सेवा’. आम्हा कीर्तनकारांना हा शब्द गीतेच्या निरूपणात रोज लागतो. तो खाकी कपड्याच्या माथ्यावर आला, याचं मला कौतुक वाटतं.

इथे जुन्या आणि नव्या राखणीतला फरक बघा. होमगार्डमध्ये कुणी जन्माने येत नाही. अर्ज करायचा, निवड व्हायची, तीन वर्षांची मुदत, पुढे वाढवून मिळते. नोकरी म्हणून पगार नाही, कामाला बोलावलं त्या दिवसाचा भत्ता. महार, रामोशी, मराठा, माळी, धनगर, मुसलमान एका रांगेत उभे राहून एकच शिट्टी ऐकतात. बायकाही आहेत. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात आयाबाया स्नानाला उतरतात, तिथे आपल्याच भागातल्या महिला होमगार्ड उभ्या असतात. पूर्वी ज्या कामाला माणूस जुंपला जायचा, ते काम आता माणूस स्वखुशीने मागून घेतो. नुसता भत्ता बघून हे काम होत नाही. ऐन पेरणीच्या दिवसांत घर सोडून चार चार दिवस गर्दीत उभं राहायचं, ऊन, पाऊस, ढकलाढकली, आणि वरून लोकांच्या शिव्या. भत्ता हातात पडायला कधी कधी महिनोन्महिने लागतात, तो भाग वेगळाच.

आपल्या दिंडीत या होमगार्डवरून एकदा मोठा वाद झाला होता. तो आजच्या पोरांना ठाऊक नाही म्हणून लिहितो. आमच्या वेळचे दोघे टाळकरी होमगार्ड होते. आषाढीला त्यांना पंढरपुरात बंदोबस्ताचं बोलावणं आलं. दिंडी आळंदीहून निघाली आणि हे दोघे तिकडे गर्दी सांभाळायला. दिंडीबरोबर चालणं झालं नाही, पांडुरंगाच्या दर्शनाच्या बारीला उभं राहणंही झालं नाही. एकादशीला दिवसभर घाटावर उभे, लांबून कळसाला हात जोडले तेवढंच. परत आल्यावर कुणी म्हणालं, यांची वारी चुकली, नेम मोडला. ते दोघे खाली मान घालून बसलेले. वाद वाढला. तेव्हाचे वीणेकरी म्हातारे होते, फारसं बोलत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “कळस बघितला न्हवं? मग वारी पोचली. लाखाची दर्शनं हेंच्या उभं ऱ्हान्यानं झाली, ती कुनाच्या खात्यावर धरायची?” त्यानंतर आपल्या दिंडीत बंदोबस्तावर असलेल्या माणसाची वारी पूर्ण धरतात. हा ठराव कुठल्या वहीत नाही, म्हणून इथे छापून ठेवतो.

कुणी म्हणेल, वारकऱ्याला काठीचं काय काम? त्याला उत्तर आपल्या सोहळ्यातच आहे. हैबतबाबा आरफळकर हे शिंदे सरकारच्या पदरचे सरदार. ते सगळं सोडून माऊलींच्या चरणी आले. साधारण १८३२ च्या सुमारास त्यांनी आजचा पालखी सोहळा लावून दिला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू वगैरे लवाजमा दिला. रथाच्या पुढे कोण, मागे कोण, कुठल्या दिंडीचा कितवा नंबर, कधी चालायचं, कधी थांबायचं, सगळं ठरलेलं. लष्करात राहिलेल्या माणसाने लावलेली शिस्त ती. आणि एवढा अफाट समाज आवरायला काय ठेवलं, तर चोपदार.

संध्याकाळी तळावर समाज आरती होते तेव्हा बघा. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, टाळांचा एकच गजर. चोपदार चोप वर करतो आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार त्या दिंडीजवळ जातो, काय झालं ते ऐकून घेतो, तड लावतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात. कुणाचं पाकीट, कुणाचा चष्मा, कुणाची म्हातारी. मग उद्याचा कार्यक्रम आणि आरती. त्या चोपाला चांदी मढवलेली असते, तो कुणाच्या पाठीत घालायला नसतो. वर धरायला असतो. लाखो माणसं त्याच्याकडे बघून गप्प होतात, कारण त्यांनी ते आपणहून मान्य केलेलं असतं. दोनशे वर्षांच्या आसपास हे चाललं आहे. स्वखुशीच्या राखणीचा धडा आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही.

आता गावच्या गस्तीचं. ग्रामसुरक्षा दलाची सोय १९५१ च्या पोलीस कायद्यात केलेली आहे. पण आमच्याकडे त्याला खरा जोर आला तो तंटामुक्त गाव मोहिमेनंतर. १५ ऑगस्ट २००७ ला ती मोहीम सुरू झाली, आर. आर. आबा पाटील गृहमंत्री होते. तेव्हा गावोगाव दलं उभी राहिली. आमच्या दलाची रीत अशी होती. चार चार जणांची पाळी. एकाकडे शिट्टी, एकाकडे बॅटरी, दोघांकडे काठ्या. रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत. देवळापासून निघायचं, सोसायटी, शाळा, डीपी, विहिरीवरच्या मोटारी, खळी बघत शिवेपर्यंत जायचं आणि परत यायचं. पाळी कुणाची ती वही पोलीस पाटलाकडे. काही दिसलं तर पहिला फोन पोलीस पाटलाला, दुसरा ठाण्याला. मोटारीच्या केबली चोरीला जाण्याचं प्रमाण त्या गस्तीमुळे आमच्याकडे उतरलं, हे माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. आता तर ग्राम सुरक्षा यंत्रणा निघाली आहे. एका फोनवर गावातल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजतात. आग लागो, बिबट्या येवो, पूर येवो, गाव जागं होतं.

एका माघातली गोष्ट सांगतो. रात्री एकच्या सुमाराला गस्तीवाल्यांना गावाबाहेर वडाखाली चार माणसं पडलेली दिसली. जवळ गाठोडी. त्या आठवड्यात मोबाईलवर चोरांच्या टोळ्या फिरत असल्याचे निरोप फिरत होते. एका पोराने शिट्टी फुंकली आणि ओरडला, “चोर, चोर!” बघता बघता पन्नास माणूस जमला. कुणाच्या हातात दांडकं, कुणाच्या हातात उसाची कोयती. दलात एक जण जुना होमगार्ड होता, आपल्याच दिंडीतला टाळकरी. त्याने आधी स्वतःची काठी खाली ठेवली आणि त्या माणसांच्या पुढे जाऊन बसला. म्हणाला, “हात कुनी लावायचा न्हाई. आधी नाव इचारू, गाव इचारू.” गाठोडं सोडलं तर त्यात मरीआईचं सामान, डफडं आणि कोरडा निघाला. कडकलक्ष्मीवाले होते. बाईच्या कडेला तापाने फणफणलेलं लेकरू. पोलीस पाटील आले, ठाण्याला फोन गेला, पहाटे हवालदार येऊन नावं लिहून गेले. तोवर देवळातल्या भांड्यात चहा झाला होता. लेकराला सकाळी दवाखान्यात नेलं. दोनच मिनिटं तो माणूस मध्ये बसला नसता तर काय झालं असतं, त्याचा विचार नको वाटतो.

विचार नको वाटला तरी करावा लागतो, कारण दुसरीकडे ते झालेलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. पोरं पळवणारी टोळी आली, अशी अफवा होती. त्यातले बहुतेक जण मंगळवेढे तालुक्यातले, म्हणजे चोखोबांनी जिथे देह ठेवला त्या मुलखातले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीवान असे तिघे जमावाच्या हातून गेले. तिथेही चोर फिरतात अशी अफवा पसरलेली होती आणि गावं रात्रीची जागत होती. दोन्हीकडे जमलेली माणसं आपण गावाची राखण करतो असंच समजत होती. आणि मेलेले कोण, तर आपल्यासारखेच देवाचं नाव घेत गावोगाव फिरणारे. आपली दिंडीही परक्या गावांतूनच जाते. तिथले लोक आपल्याला माऊली म्हणून भाकरी देतात, म्हणून आपण पंढरीला पोचतो.

म्हणून नव्या पोरांनी राखणीच्या दोन बाजू ध्यानात ठेवाव्यात. एक खुशी आणि दुसरा नेम. जुन्या जागल्याच्या कामात नेम होता, पण त्याची खुशी कुणी विचारली नाही, म्हणून ती गुलामी झाली. झुंडीला हौस भरपूर असते, नेम काहीच नसतो, म्हणून तिथे मुडदे पडतात. होमगार्ड, ग्रामसुरक्षा दल आणि आपला चोपदार यांच्यात दोन्ही आहे, म्हणून ती सेवा आहे. 

नेम म्हणजे काय, तेही साधं सांगतो. गुन्हा डोळ्यांदेखत होत असेल आणि तो मोठा असेल, तर साध्या माणसालाही गुन्हेगाराला धरता येतं. पण धरलेला माणूस पोलिसाच्या ताब्यात द्यावा लागतो. १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा लागू झाला, त्यात त्याला सहा तासांची मुदत घातली आहे. धरणं एवढंच आपलं काम. चौकशी पोलिसाची, निवाडा कोर्टाचा. मारण्याचा अधिकार दलाला नाही, होमगार्डलाही नाही. नुसत्या संशयावरून कुणाला बांधून ठेवायचं नाही. भटकी माणसं, मेंढरामागची माणसं, ऊसतोडीची माणसं यांना आधी पाणी द्यायचं, मग नाव-गाव विचारायचं. मोबाईलवर चोराचा निरोप आला तर पुढे ढकलण्याआधी ठाण्याला विचारायचं. शिट्टी वाजवणाऱ्याने नंतर जमणाऱ्या माणसांची जबाबदारी आपली समजायची.

शताब्दी वर्षात आपल्या दिंडीने दोन गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. पहिली, दिंडीत आजवर जे जे होमगार्डमध्ये आणि गस्तीत राहिले, त्यांच्या नावांची वही करावी. जे गेले त्यांच्या घरी जाऊन विचारावं, कारण पेटीत खाकी कपडे अजून घडी घालून ठेवलेले आहेत आणि सांगणारी माणसं फार दिवस राहायची नाहीत. दुसरी, कार्तिकीनंतरच्या सप्ताहात एक दिवस दुपारी गस्तीच्या पोरांना बोलवावं, ठाण्याच्या साहेबांनाही बोलवावं, आणि काय करायचं, काय नाही, हे समोरासमोर बोलून घ्यावं. त्या दिवशीचं कीर्तन मी चोखोबारायांवर करीन. बिदागी नको, जेवण मात्र दलाच्या पोरांबरोबर एका पंक्तीला.

राम कृष्ण हरी.